वारीचे कृष्णधवल फोटो: पताका हरवते कुठे? (छोटा डिजिटल कॅमेरा)

घाटवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या वारीत माऊलींच्या पालखीबरोबर हडपसरहून दिवेघाट चढून सासवडपर्यंत चाललो. पाठीला पिशवी आणि हातात छोटा कॅमेरा, एवढंच सामान. कॅमेरा सोनी आरएक्स१००, २०१२ साली आलेला पहिला अवतार. मी तो जुना म्हणून घेतला होता. एक इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल, शर्टाच्या खिशात जेमतेम मावतो. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की समोरची माऊली एकतर थबकते नाहीतर हात जोडून उभी राहते. हा हातात असला की टाळ चालू राहतो, पाय चालू राहतात.

मला वारी कृष्णधवलच दिसते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर गोपीचंदन आणि त्यावर बुक्क्याचा काळा ठिपका. यात रंगाची गरज मला कधी भासली नाही. पण या खेपेला घरी येऊन फोटो काळेपांढरे केले आणि जीव खट्टू झाला. दिंडीच्या पताकाच दिसेनात! त्या वर्षी पाऊस लवकर पडला होता, घाटाची उतरण हिरवीगार होती. रंगीत फोटोत हिरव्यावर भगवा असा उठून दिसतोय, आणि रंग काढला की पताका आणि डोंगर एकाच राखाडी रंगाचे. टाळकऱ्यांच्या डोक्यावर नुसत्या काठ्या नाचताहेत असं वाटतं.

मग कुठंतरी वाचलं होतं त्याप्रमाणे लाल फिल्टर लावला (संपादनातला, या कॅमेऱ्याच्या लेन्सला फिल्टरचे आटेच नाहीत). डोंगरासमोरच्या पताका लखलखीत पांढऱ्या झाल्या. आनंदानं तोच सगळ्या फोटोंना लावला, तर आता आभाळासमोरच्या पताका गायब. ढगाळ पांढऱ्या आभाळात पांढरी पताका.

घाटाच्या वरच्या वळणावरचा एक प्रचि (प्रकाशचित्र) माझा सगळ्यात आवडता आहे. एक वयस्क वीणेकरी, मागे पताकाधारी, अर्धी पताका डोंगरासमोर आणि अर्धी आभाळासमोर. त्याचं काय करू? लाल फिल्टर लावला तर वरचा अर्धा भाग जातो, काढला तर खालचा.

घेताना ठेवलेलं सेटिंग: रॉ (सेन्सरची कच्ची माहिती) अधिक जेपेग (कॅमेऱ्यानं तयार करून दिलेला फोटो) दोन्ही, क्रिएटिव्ह स्टाइल ब्लॅक अँड व्हाइट, एफ/४, आयएसओ ऑटो. मागच्या पडद्यावर काळंपांढरं दिसतं आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग शिल्लक राहतात. (या कॅमेऱ्यात पिक्चर इफेक्टमधला हाय कॉन्ट्रास्ट मोनो रॉबरोबर चालत नाही, म्हणून क्रिएटिव्ह स्टाइलच वापरावी लागते. नव्या माणसाचा इथे गोंधळ होतो.)

जाणकारांनी सांगावं.

निळी_शाई

छान धागा. आधी एक सांगा, पताकेवर आणि डोंगरावर कर्सर नेऊन लाल-हिरवा-निळा यांचे आकडे पाहिलेत का? प्रश्न तिथेच सुटेल असं वाटतं. आभाळाचाही आकडा द्या.

घाटवाट

पाहिले. त्याच वीणेकऱ्याच्या फोटोतले, ० (काळं) ते २५५ (पूर्ण उजळ) या मापात:

पताका: लाल २३५, हिरवा १२०, निळा ४०.
डोंगराचं ओलं गवत: लाल १३०, हिरवा १७०, निळा ८०.
आभाळ: तिन्ही २३६ च्या आसपास.
वीणेकऱ्यांचा गाल: लाल १५०, हिरवा १०५, निळा ८०.

पिक्सेलवाला

उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. नुसता रंग काढला की बहुतेक सॉफ्टवेअर लालचे साधारण ३०, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घेतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो. त्या हिशेबानं तुमची पताका येते १४५ आणि गवत येतं १४८. फक्त ३ चा फरक कुणाला दिसणार? म्हणून पताका डोंगरात विरघळली.

लाल फिल्टर म्हणजे जवळजवळ नुसतं लाल चॅनेल (तीनपैकी फक्त लालचा आकडा). पताका २३५, गवत १३०, आभाळ २३६. डोंगरासमोर सुरेख, आभाळासमोर शून्य. लाल फिल्टरनं आभाळ गडद होतं हे खरं, पण निळं आभाळ. निळ्या आभाळात लाल कमी असतो म्हणून ते काळवंडतं. आषाढातलं पांढरं आभाळ तिन्ही चॅनेलमध्ये सारखंच उजळ, त्याला कुठलाही फिल्टर लावा, ते ढिम्म राहणार. वाळवंटातल्या नाहीतर हिमालयातल्या फोटोंची कृती घाटात चालत नाही ती एवढ्यासाठी.

आता उलट करून बघा. चॅनेल मिक्सरमध्ये (कुठल्या रंगाचे किती टक्के घ्यायचे ते ठरवणारं साधन) लाल ०, हिरवा ६०, निळा ४०. पताका ८८, गवत १३४, आभाळ २३६. पताका दोघांपेक्षा गडद! तुमच्या वळणावरच्या फोटोत ती वरही दिसेल आणि खालीही.

आणि ज्याची धास्ती वाटते त्या चेहऱ्याचं काय? गाल नेहमीच्या हिशेबानं ११६ होता, तो ९५ वर आला. म्हणजे पताका ५७ नी खाली गेली, गाल फक्त २१ नी. कातडीचा रंग आणि भगवा दोन्ही नारिंगी घराण्यातले, पण कातडीचा रंग फिका आणि पताकेचा भडक. मिक्सरचा जोर जिथे रंग जास्त तिथे जास्त बसतो.

गिंपमध्ये मोनो मिक्सर आहे, रॉथेरपीत ब्लॅक अँड व्हाइट मॉड्यूल आहे, डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशनचा ग्रे टॅब. तिन्ही फुकट. लाइटरूमवाले नारिंगीचा स्लायडर खाली ओढतील, परिणाम साधारण तसाच.

सावली_कराड

वा! मी इतकी वर्षं सगळ्याच फोटोंना एकच प्रीसेट (साठवून ठेवलेली तयार सेटिंग) लावत होते. मागे काय आहे ते बघून फिल्टर निवडायचा हे डोक्यातच आलं नाही कधी.

एक शंका. निळा ४० टक्के घेतला तर नॉइज (फोटोतली खरखर) वाढणार नाही का? माझ्या जुन्या पॉवरशॉट कॅमेऱ्याच्या जेपेगवर असं केलं तेव्हा पताकेच्या कडेनं चौकोनी ठिगळं दिसायला लागली.

पिक्सेलवाला

सावलीताई, ठिगळं जेपेगची आहेत. जेपेग चित्राचे ८ बाय ८ चे चौकोन करून साठवतो आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईनं ठेवतो. रंगीत फोटोत ते कळत नाही, पण तुम्ही रंगातूनच राखाडी काढायला गेलात की लपलेलं सगळं वर येतं. शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या, तर १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. कृष्णधवल करताना एकच राखाडी पट्टी उरते, तिला ताण दिला की पायऱ्या दिसतात. जेपेगच हाताशी असेल तर मिक्सर हलक्या हातानं, लाल १५-२० च्या खाली नको.

निळ्याच्या नॉइजचं म्हणणं बरोबर. सेन्सरवर निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. त्यात पिवळ्या दिव्यांच्या उजेडात निळा मुळातच कमी, मग कॅमेरा तो ओढून ताणून वाढवतो आणि खरखर येते. पण दिवसा ढगाळ उजेड निळसर असतो, तेव्हा हे चॅनेल बऱ्यापैकी स्वच्छ मिळतं. रात्री मुक्कामावर कीर्तनाचे फोटो घ्याल तेव्हा निळ्याला हात लावू नका.

जुनी_फिल्म

पोरांनो, वाचून बरं वाटलं. मी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' रोलवर वारी केली आहे. ३६ फोटोंचा रोल, सासवडपर्यंत दोन रोल, तिसरा परवडायचा नाही.

तुम्ही आज मिक्सरनं जे केलंत ते फिल्मच्या इतिहासातही घडून गेलं आहे. फार जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. आजीच्या काळच्या फोटोत बायकांचं कुंकू काळंकुट्ट आणि ओठ गडद दिसतात ते त्यामुळे. त्या फिल्मवर भगवी पताकाही गडदच उतरायची. नंतर पॅनक्रोमॅटिक आली, तिला सगळे रंग दिसू लागले, आणि मग आम्ही लेन्सवर पिवळी नाहीतर नारिंगी काच लावायला लागलो. लाल ०, हिरवा ६०, निळा ४० ही तुमची कृती म्हणजे जवळपास ऑर्थोच झाली.

आता माझी एक तक्रार ऐका. हिशेब बरोबर आहे, पण पताका काळी करायची का? भगवा हा उजेडाचा रंग आहे. वाऱ्यावर उडणारी पताका अंगावर येते ती तेजानं. ती गडद केली की दिंडीवर सावट आल्यासारखं वाटतं. मी असतो तर आभाळ चौकटीबाहेर ठेवलं असतं, डोंगरासमोर पताका घेतली असती आणि नारिंगी काच लावून ती उजळ ठेवली असती. फिल्मवर निवड घेतानाच करावी लागे. पाय उचलून दोन पावलं सरकलं की मागचं बदलतं.

घाटवाट

काका, तुमचं पटतं आणि नाहीही. आभाळ बाहेर ठेवावं हे शंभर टक्के मान्य, आषाढातलं पांढरं आभाळ चौकटीत जितकं कमी तितकं बरं. पण घाटात गर्दीच्या रेट्यात दोन पावलं सरकणं दरवेळी जमत नाही. आणि त्या वळणावर वीणेकऱ्यांनी मान वर केली तो क्षण एकदाच आला.

दूरदेशी

मी सध्या अमेरिकेत असते, वारी आता फोटोतच पाहते. थोडं वेगळं मत मांडते. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी आयुष्यभर भारत रंगीत फिल्मवर टिपला, आणि रंग हा भारतीय नजरेचा गाभा आहे असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. पताका दिसावी म्हणून इतके कष्ट करावे लागतात, तेव्हा कुठेतरी फोटोच सांगत असतो ना, की मला रंग हवा आहे? हिरव्या डोंगरावरून उतरणारी भगवी ओळ, बायकांची जांभळी-हिरवी लुगडी, डोक्यावरची तुळस... यातलं काढून टाकण्यासारखं काय आहे?

निळी_शाई

दूरदेशी, ज्या फोटोचा विषयच रंग आहे तो रंगीत ठेवावा, यात वाद नाही. लांबून दिसणारी दिंडीची रांग मी कधीच काळीपांढरी करणार नाही. पण जवळ गेल्यावर वारीत रंग पुष्कळदा मध्ये येतो. दिंडीच्या शेजारी निळा प्लॅस्टिकचा कागद पांघरलेला ट्रक, पिवळा टँकर, फ्लेक्सवरचे चेहरे. डोळा आधी तिकडे जातो आणि मग माऊलींच्या चेहऱ्याकडे. रंग काढला की भेगाळलेल्या टाचा, टाळ धरलेल्या बोटांवरच्या शिरा, भिजून अंगाला चिकटलेलं धोतर, हे पुढे येतं. घाटवाट यांच्या फोटोचा विषय तो म्हातारा चेहरा आहे. पताका त्याच्या मागे हवी, पण चेहऱ्यानंतर.

दूरदेशी

हे पटलं. लांबचं रंगीत, जवळचं कृष्णधवल, अशी विभागणी मलाही मान्य.

सावली_कराड

एक्सपोजरचं (फोटोत उजेड किती घ्यायचा त्याचं) कुणी बोललंच नाही. पांढरी टोपी आणि तिच्याखाली सावळा चेहरा, यात माझी नेहमी पंचाईत होते. टोपी सांभाळली तर चेहरा अंधारात, चेहरा सांभाळला तर टोपी नुसता कोरा कागद.

घाटवाट

यावर मी बराच घाम गाळला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

टोपी आधी. छोट्या सेन्सरवर एकदा पांढरं उडालं की परत येत नाही, सावलीतलं मात्र रॉमधून बरंच वर काढता येतं. पण 'एक्सपोजर नेहमी उणे ०.७ स्टॉप ठेवा' (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) असा सरसकट सल्ला मी देणार नाही. दिंडीच्या मधोमध असाल आणि सगळी चौकट पांढऱ्या धोतरांनी भरली असेल, तर मीटर स्वतःच फसतो आणि फोटो गडद काढतो. तिथे मी उलट अधिक ०.३ करतो. काळ्या कातळासमोर एकटी टोपी असेल तर उणे १ सुद्धा लागतं. डायल अंगठ्याखाली असतो, फिरवत राहायचं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. मागचा पडदा काळापांढरा असला की हिस्टोग्रामही (फोटोत गडद-उजळ किती आहे ते दाखवणारा आलेख) उजेडाचाच दिसतो. भगव्या कापडात लाल इतका भरलेला असतो की लाल चॅनेल वर जाऊन आपटतं आणि हिस्टोग्राम मात्र सगळं आलबेल दाखवतो. पताकेवर मागून ऊन आलं, कापड झिरझिरीत होऊन पेटल्यासारखं दिसलं, की हे हमखास होतं. घरी येऊन लाल फिल्टर लावला की पताका सपाट, एकही चुणी नाही. चुण्या असतात हिरव्या चॅनेलमध्ये. म्हणून पिक्सेलवाल्यांनी हिरव्याला ६० दिले ते मला दुप्पट आवडलं, कापडाची घडी त्यातच जिवंत आहे.

चेहरा: तो मी घरी उजळतो. पूर्ण फोटोचे शॅडो (गडद भाग) वर ओढत नाही, त्यानं धोतराच्या घड्याही फिक्या होतात आणि फोटो धुरकट दिसतो. फक्त चेहऱ्यावर मऊ ब्रश, अर्धा स्टॉप, फार तर पाऊण.

जुनी_फिल्म

हेच आम्ही डार्करूममध्ये तारेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा लावून करायचो. एन्लार्जरचा (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडणाऱ्या यंत्राचा) उजेड चालू असताना तुकडा चेहऱ्यावर हलवत राहायचा, थांबला की कडा उमटते. ब्रशचंही तसंच, कडा दिसली की चोरी पकडली जाते. सावळा चेहरा सावळाच राहू दे बरं का. उजळ करायचा म्हणजे डोळ्यातलं आणि सुरकुत्यांतलं दिसेल इतकाच.

निळी_शाई

काकांच्या शेवटच्या वाक्याला शंभर अनुमोदन. आपल्याकडे संपादन म्हणजे गोरं करणं ही सवय फार खोल गेली आहे.

आषाढसरी

मी नवी आहे. चालत्या दिंडीत फोकस कसा सांभाळता? माझा कॅमेरा दरवेळी पुढच्या पताकेच्या काठीवर जातो.

घाटवाट

ऑटोफोकस बंद करा. आरएक्स१०० मध्ये लेन्स सगळ्यात रुंद ठेवायची (खरी फोकल लांबी १०.४ मिमी), एफ/४, आणि मॅन्युअल फोकस अडीच मीटरवर. मग साधारण सव्वा मीटरपासून थेट डोंगरापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. छोट्या सेन्सरचा हा मोठा उपकार आहे. रिको जीआर कॅमेरा वापरणाऱ्यांना यासाठी स्नॅप फोकस (ठरवलेल्या अंतरावर थेट फोकस) आयताच मिळतो, २ मीटर आणि एफ/८ ठेवलं की झालं. शटर चालत्या माणसांना १/२५० पुरतो. रिंगणात अश्व धावतो तेव्हा १/१००० च्या खाली येऊ नका, आणि तिथे अशा रुंद लेन्सनं फार काही हाती लागणार नाही हेही मनाशी धरून जा.

पावसाचं: हा कॅमेरा भिजू द्यायचा नाही. दुधाची जाड पिशवी धुऊन, लेन्सपुरतं भोक पाडून, रबरबँड लावून वापरतो. थंडगार एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला की काच धुकटते, दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या.

आषाढसरी

धन्यवाद! आणि कुणाचा अगदी जवळून फोटो घेताना विचारता का?

घाटवाट

हो. 'माऊली, फोटो घेऊ का?' इतकंच. चालताना घेतलेला असेल तर नंतर गाठून पडद्यावर दाखवतो. नको म्हणाले तर तिथेच त्यांच्यासमोर खोडतो. आंघोळीच्या, कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा पिशवीतच.

मोबाइलवर_वारी

माझ्याकडे कॅमेऱ्यातून मोबाइलवर घेतलेले जेपेगच आहेत. स्नॅपसीड ॲपच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगीत फिल्टरचे गोल आहेत, तिथे हिरवा निवडला तर पताका डोंगरापेक्षा गडद झाली. लाल निवडला की उलट. मिक्सरइतकी बारीक निवड नाही, पण दोन मिनिटांत फरक कळतो.

घाटवाट

चार दिवस त्या एकाच फोटोवर बसलो, आज अहवाल देतो.

०-६०-४० लावलं. पताका वर-खाली दोन्हीकडे दिसली, सलग, काठीच्या टोकापर्यंत. पण काकांचं म्हणणं मनातून जाईना. इतकी गडद पताका वीणेकऱ्यांच्या डोक्यावर ओझ्यासारखी वाटत होती. मग लाल हळूहळू परत आणत गेलो: लाल १५, हिरवा ६०, निळा २५. पताका ११७, गवत १४२, आभाळ २३६. डोंगरासमोर फरक पंचवीसचाच उरला, तेव्हा तेवढ्या भागातलं गवत ब्रशनं जरासं उजळलं. गाल १०६ वर आला होता, त्याला अर्धा स्टॉप दिला. आता पताका मधल्या राखाडीत आहे, चुण्यांवर उजेड आहे, आणि नजर आधी वीणेकऱ्यांच्या कपाळावरच्या बुक्क्यावर जाते, मग वर.

ग्रेन (फिल्मसारखी खरखर) किंचित घातला आहे, आभाळ अगदीच प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत दिसत होतं म्हणून. व्हिग्नेट (कोपरे गडद करणं) नाही.

जुनी_फिल्म

पाहिला. खालच्या डाव्या कोपऱ्यातली प्लॅस्टिकची बाटली थोडी गडद कर, डोळ्यात खुपते. बाकी हात लावू नकोस. पताका आता पताका वाटते.

निळी_शाई

सुंदर झालाय. प्रिंट काढणार असाल तर लॅबवाल्याला आधी एक छोटी प्रत काढायला सांगा. रंगीत कागदावर काळापांढरा छापला की पुष्कळदा हिरवट किंवा जांभळट झाक येते, धोतरावर ती लगेच कळते.

घाटवाट

काका, बाटली गडद केली. निळी_शाई, ६ बाय ८ ची चाचणी प्रत आज टाकली आहे. वीणेकरी आजोबांच्या दिंडीचा क्रमांक फोटोतल्या फलकावर वाचता येतो आहे, त्यामुळे या वर्षी सासवडच्या मुक्कामी दिंडी शोधून प्रिंट त्यांच्या हातात द्यायचा विचार आहे. रॉ फाइल्स इथल्या कुणाला सरावासाठी हव्या असतील तर डोंगरासमोरच्या तीन आणि आभाळासमोरच्या दोन देतो, चेहरे नसलेल्या.